लवंगेचा वास येतो तोवर

लवंगेच्या तेलाचा थेंब हातमोज्यावर पडला तर तो हातमोजा टाकून द्यावा. धुण्यात वेळ घालवू नये.

*

दूध गॅसवर होतं आणि वहिनी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. धाकटा स्वयंपाकघरातच टेबलाशी बसला होता, फोनमध्ये डोकं घालून. दूध आटलं, करपलं, भांड्याचा तळ काळा झाला.

"अहो, तुम्ही इथेच होतात ना?"

"इथेच होतो की."

*

सर्दी झालेल्या माणसाला डोळे मिटायला लावून सफरचंदाची फोड दिली काय, कच्च्या बटाट्याची दिली काय, त्याला सांगता येत नाही.

*

डोळ्यांच्या डॉक्टरने धाकट्याला सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ वाचायला लावली. त्याने वाचली. मग उलट्या बाजूनेही वाचून दाखवली.

"मग आलात कशाला?" डॉक्टरने विचारलं.

"बहिणीने सांगितलं."

*

गंधक मारायचा मोठा पंप शेजारच्याने ढकलत नेला. नेणारा खूश होता, देणारा त्याहून खूश.

*

कामावर तिला मोजपट्टी म्हणतात. तिला ते आवडतं.

*

मोजपट्टी म्हणजे धाकट्याची ताई. पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती आणि तिचं काम बघण्याचं होतं. काकडीच्या पानावर भुरी पडते, म्हणजे कुणी पीठ चाळता चाळता शिंकावं तशी पांढरी बुरशी. पानावर ती किती पसरली आहे हे ताईने नुसत्या नजरेने सांगायचं. स्वच्छ पानाला शून्य. निम्म्याहून जास्त पांढऱ्या पानाला नऊ. मधे एक, तीन, पाच, सात. नवशिक्यांना त्यासाठी चौकटी आखलेला पारदर्शक कागद देतात. तो पानावर ठेवायचा आणि पांढऱ्या चौकटी मोजत बसायचं. ताईच्या टेबलाच्या खणात तसा एक कागद होता. त्याचा उपयोग ती डबा खाताना टेबलावर अंथरायला करायची.

पाहुणे आले की साहेब तिला मुद्दाम बोलावून घ्यायचे. एखादं पान तिच्यासमोर धरायचे. ती आकडा सांगायची. मग साहेब कागद ठेवून मोजायचे आणि आकडा बरोबर निघायचा.

"बघा," साहेब म्हणायचे, जणू तिचे डोळे त्यांनीच बसवले होते.

*

लवंगेचं तेल बुरशी मारतं. यात काही खोटं नाही. काचेच्या बशीत ओला कागद ठेवायचा, त्यावर काकडीच्या पानाची चकती, चकतीवर भुरीची पावडर झटकायची, तेलाचा बारीक फवारा मारायचा आणि वर झाकण लावायचं. काही दिवसांनी झाकण काढलं की चकती हिरवीगार. शेजारच्या बशीत, नुसतं पाणी मारलेली चकती पिठात लोळवल्यासारखी.

हे तेल पाण्यात मिसळत नाही. साबणासारखं काहीतरी घालून त्याचं दूध करावं लागतं, आणि हे दूध फाटू न देणारी बाई म्हणजे बाटलीबाई. ताईची मैत्रीण, शेजारच्या खोलीतली रसायनवाली. तिच्या एप्रनच्या चारही खिशांत बाटल्या असायच्या आणि चालताना ती भांड्यांच्या कपाटासारखी वाजायची.

बशीतून बाहेर पडून तेल कुंड्यांवर आलं तेव्हा दोघींनी मिळून शिस्त लावली. अर्ध्या कुंड्यांवर बाटलीबाईने तेल मारायचं, अर्ध्यांवर पाणी. कुंडीवर फक्त आकडा लिहायचा. कुठला आकडा तेलाचा आणि कुठला पाण्याचा हे घडी घातलेल्या चिठ्ठ्यांत, बाटलीबाईलाच ठाऊक, ताईला नाही. म्हणजे ताईची नजर कुणाची बाजू घेणार नाही.

"नवरीचा चेहरा न बघता लग्न लावायचं," बाटलीबाई म्हणाली.

"माझं तसंच लागलं होतं."

"म्हणून तर तुझ्यावर भरवसा आहे."

त्या इमारतीत लवंगेचा वास जिन्याला होता, पडद्यांना होता, पगाराच्या पाकिटालाही होता. बाहेरून आलेला माणूस दारातच म्हणायचा, "इथे दातांचा दवाखाना आहे का?" आतल्या माणसांना तो वास येणं कधीच बंद झालं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. आकडे झाकले होते, चिठ्ठ्या झाकल्या होत्या, फवाऱ्याच्या वेळी ताईला बाहेर काढून दाराला कडी लावली होती. नाक झाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाहेरच्या कुठल्याही माणसाच्या डोक्यात ते आधी आलं असतं.

दोन हंगाम ताईने कुंड्या बघितल्या. दोन्ही हंगामांत चिठ्ठ्या उघडल्यावर तेलाच्या कुंड्यांना एक आणि तीन मिळालेले असायचे, पाण्याच्यांना पाच आणि सात.

साहेबांनी खोलीत टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच, पण वाजवल्या.

*

धाकट्याचं काकडीचं पॉलिहाऊस गावाबाहेर होतं. प्लास्टिकच्या छपराखाली लांबलचक रांगा, प्रत्येक वेल सुतळीवर चढवलेली. भुरीसाठी तो वर्षानुवर्षं गंधक मारायचा. गंधक स्वस्त, गंधक खात्रीचं, पण बंद जागेत ते डोळ्यांत जातं. फवाऱ्यानंतर काकड्या तोडायचं काम त्याच्या बायकोकडे, म्हणजे वहिनीकडे असायचं आणि ती संध्याकाळी आत यायची ती दिवसभर रडल्यासारखी, लाल डोळ्यांनी.

"कोण बोललं तुला?" ताईने एकदा घाबरून विचारलं होतं.

"गंधक बोललं," वहिनी म्हणाली होती.

त्यामुळे जेवताना ताईने लवंगेच्या तेलाची गोष्ट काढली ती चांगल्या मनानेच. आधी धाकट्याने दोन रांगा करून बघितल्या, एक तेलाची, एक पाण्याची. ताई सुट्टीच्या दिवशी आली, रांगांमधून चालली आणि म्हणाली, "बघ, दिसतोय ना फरक?"

धाकटा दोन्ही रांगांकडे बराच वेळ बघत राहिला.

"खरं सांगू ताई? मला दोन्ही सारख्याच दिसतात."

"डोळे आहेत की शर्टाची बटणं? ही बघ. आणि ही बघ."

"बघितली."

"नंबर काढून घे बाबा. वय झालं तुझं."

वहिनी हसली. धाकटाही हसला. तेलाच्या रांगेत उभी राहून वहिनी म्हणाली, "काही म्हणा, वास कसला छान येतो हो," आणि धाकटा म्हणाला, "तू म्हणतेस तर येत असेल." पुढच्या हंगामाला त्याने पूर्ण पॉलिहाऊस तेलावर घेतलं. दर सोमवारी सकाळी तेल. गंधकाचा पंप शेजारच्याला देऊन टाकला, कारण घरात राहिला तर कधीतरी मोह होईल.

वहिनीच्या डोळ्यांची लाली गेली. तिने त्या वर्षी पहिल्यांदा काजळ आणलं.

*

मग ताईला सर्दी झाली.

एवढंच. कुणाला काही झालं नाही, काही फुटलं नाही. नाक चोंदलं, तोंडाची चव गेली, आणि त्याच दिवशी तिसऱ्या हंगामाच्या कुंड्या बघायच्या होत्या. साहेब म्हणाले, डोळ्यांना तर सर्दी नाही ना झाली? ताई रुमाल हातात धरून कुंड्यांमधून फिरली. तिला त्या दिवशी काम जड गेलं. एरवी आकडा पानावरून उडी मारून तोंडात यायचा. आज प्रत्येक पानाशी थांबावं लागलं.

चिठ्ठ्या उघडल्या. तेलाच्या कुंड्या पाच आणि सात. पाण्याच्या कुंड्या पाच आणि सात.

"दूध फाटलं असणार तुझं," ताई म्हणाली.

"माझं दूध फाटत नाही," बाटलीबाई म्हणाली.

"मग मी आजारी आहे म्हणून."

"डोळे धड नाहीत म्हटलं असतंस तर समजले असते. नाकाचा काय संबंध?"

 बाटलीबाईच्या खिशातल्या बाटल्या वाजायच्या थांबल्या. तिने ताईकडे बघितलं, मग कुंड्यांकडे, मग वाकून एका कुंडीच्या मातीचा वास घेतला. मग शेजारच्या कुंडीचा.

"काय करतेस?"

"हिला येतो," बाटलीबाई म्हणाली. "हिला येत नाही."

ताईला राग आला. तो राग खरा होता, आणि पुढे जे झालं ते त्या रागामुळेच. तिने हंगामांचे हंगाम पानं बघितली होती. तिची नजर कागदाशी ताडून बघितलेली होती. नाकाने आकडे देते म्हणजे काय, ती कुत्रा आहे का?

"असं कर," ती म्हणाली. "माझी सर्दी जाऊ दे. मग नव्या कुंड्या घे. सगळ्यांवर पाणी मार. एकावरही तेल नको. आणि अर्ध्या कुंड्यांच्या फक्त कडेला, बाहेरून, तेलाचं बोट फिरव. मी बघते. दाखवतेच तुला."

"नको गं."

"फिरव म्हणते ना."

बाटलीबाईने बोट फिरवलं.

सर्दी गेल्यावर एका गुरुवारी ताई त्या कुंड्यांमधून फिरली. आकडे भराभर आले, जुन्यासारखे, उडी मारून. काम संपलं तेव्हा तिला हलकं वाटत होतं. चिठ्ठ्या बाटलीबाईने उघडल्या आणि मोठ्याने वाचल्या नाहीत. टेबलावर पसरून ठेवल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

कडेला बोट फिरवलेल्या कुंड्या: तीन, एक, तीन, तीन.

बाकीच्या: सात, पाच, सात, सात.

सगळ्यांवर पाणीच होतं.

ताईने तो कागद खणातून काढला. त्यावर तिच्या डब्याचे तेलकट डाग होते. एकेक पान घेऊन ती चौकटी मोजत बसली. तीन म्हटलेली पानं सात निघाली. तिने त्यांच्याकडे पुन्हा नुसतं बघितलं. आता ती सातच दिसत होती, ढळढळीत, आंधळ्यालाही दिसावीत अशी. मघाशी ती तीन दिसली होती. ती खोटं बोलली नव्हती. तिला तीन *दिसली* होती. खोटं बोलली असती तर निदान खरं काय ते तिला ठाऊक असतं.

"तेल मरतंच गं बुरशीला," बाटलीबाई खिडकीतून म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की वाक्य उलटं झालं. "म्हणजे, बुरशी मरते तेलाने. बशीत मरते. बशीला झाकण असतं."

"आणि पानाला?"

"पानावरून ते उडून जातं. उन्हात तर तासाभरात. वास येतो ना, तो तेल जाताना येतो. वास म्हणजेच ते चाललंय." तिने चष्मा पुसला. "त्याला धरून ठेवायला काहीतरी करता येईल. बारीक गोळ्यांत कोंडायचं, हळूहळू सोडायचं. होईल. पण आत्ता नाही."

वास आला की ताईला वाटायचं, औषध आहे. वास आला की औषध निघालेलं असायचं.

"साहेबांना मी सांगते," बाटलीबाई म्हणाली. "चूक दोघींची. नाकाचं मला सुचायला हवं होतं. तू धाकट्याला सांग."

"सांगते."

*

तिने सांगितलं नाही, पहिल्यांदा

त्या संध्याकाळी तिने फोन हातात घेतला आणि पलंगावर बसली. काय म्हणायचं? मी बघितलं ते नव्हतं, असं? बटणं माझीच होती, असं? तिने वाक्य जुळवलं. वाक्य बरं झालं. मग ती ते वाक्य जपून ठेवून झोपली.

तिने सांगितलं नाही, दुसऱ्यांदा

शनिवारी धाकट्याचाच फोन आला.

"हं, बोल रे."

"..."

"बरी आहे आता. नाक मोकळं झालं."

"..."

"कुठे? खालच्या पानांवर?"

"..."

"जुनी पानं असतात ती. येतंच थोडं."

"..."

"तोडून टाक की. वरची बघ, वरची कशी आहेत?"

"..."

"मग झालं तर."

"..."

"हो हो. सोमवारचं मार ना. ठरल्याप्रमाणे."

फोन ठेवल्यावर ती आरशासमोर गेली आणि आपल्याला उलटी होईल का, याची वाट बघत उभी राहिली. झाली नाही. मग तिने केस विंचरले.

तिने सांगितलं नाही, तिसऱ्यांदा

सोमवार. ती उठली तेव्हाच तिला ठाऊक होतं की या वेळी धाकटा पाठीवर टाकी बांधून रांगांमधून चालत असेल. फोन शेजारीच होता. तिने चहा केला. चहा प्यायली. कप धुतला. पुसला. जागेवर ठेवला. मग घड्याळ बघितलं आणि आता फवारा उरकला असेल हे कळल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

कारण तिला एक गोष्ट माहीत होती जी धाकट्याला माहीत नव्हती. तेल मारलेल्या पानावर लगेच गंधक मारता येत नाही. पान भाजतं. तेल उडून गेलं तरी त्याच्यासोबतचा साबण आणि मेणचटपणा पानावर राहतो, आणि दोन आठवडे थांबावं लागतं. प्रत्येक नव्या फवाऱ्याबरोबर ते थांबणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

*

बुधवारी ती गेली. सांगायलाच गेली, चौकटींचा कागद पिशवीत होता, बस बदलताना तिने तो तिथे आहे ना, हे दोनदा चाचपून बघितलं. वाक्य होतं तेच होतं. फाटकाशी पोचली तर आत चार-पाच माणसं.

"आली बघा!" धाकटा ओरडला. "हीच ती. माझी ताई. मघापासून तुमच्याबद्दलच... म्हणजे तुझ्याबद्दलच बोलत होतो."

आजूबाजूचे काकडीवाले, टोमॅटोवाले होते. गंधकाचा पंप नेणारा शेजारीही होता. धाकट्याने सगळ्यांना बोलावलं होतं. तेल दाखवायला.

"या, मोजपट्टीबाई," शेजारी म्हणाला. "तुमच्यामुळे मला फुकटात पंप मिळाला, तुमचे उपकार आहेत."

"आता तोही भंगारात घालशील," दुसरा कुणी म्हणाला. "लवंग लाव म्हणे. काकडीचे दात दुखतायत."

सगळे हसले. वहिनी काजळ घालून ट्रेमधून पाण्याचे ग्लास फिरवत होती. "ताई, बरं झालं आलात, यांना काही नीट सांगताच येत नाही," ती म्हणाली.

"ताई, एक पान बघून दाखव ना यांना," धाकटा म्हणाला. "नुसतं बघून. ही सांगते, तुम्ही मोजा."

त्याने जवळच्या वेलीचं मधलं पान तोडलं आणि तिच्यासमोर धरलं, साहेब धरायचे तसंच. सोमवारच्या फवाऱ्याचा वास पॉलिहाऊसभर होता. प्लास्टिकला, सुतळीला, मातीला.

ताईने बघितलं. आकडा उडी मारून आला.

तीन.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग, सगळ्यांच्या देखत, दोन बोटांनी नाक दाबून धरलं आणि पुन्हा बघितलं.

"हां, वास उग्रच आहे," कुणीतरी हसत म्हणालं. "मला तर मळमळायला लागलंय."

पान तीनच दिसत होतं. नाक दाबून काही झालं नाही. हे पॉलिहाऊस कुणाचं आहे, त्यावर काय मारलं आहे, तिला ठाऊक होतं. डोळ्यांना आता नाकाची गरजही उरली नव्हती. ती एक मोठी बाई, नाक दाबून पानाकडे बघत उभी होती.

तिने नाक सोडलं. पिशवीतून कागद काढला.

"हे काय?" धाकटा म्हणाला. "हे नवशिक्यांचं ना? तूच म्हणायचीस."

"धर पान नीट," ती म्हणाली.

तिने कागद पानावर ठेवला आणि बोट ठेवून मोजायला लागली. ओठ हलत होते. मधे एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.  शेजारी खोकला आणि थांबला.

"सात," ताई म्हणाली.

"म्हणजे चांगलं का?" वहिनीने विचारलं.

"नाही."

जुळवलेलं वाक्य तिला आठवेना. ते वाक्य चांगलं होतं, त्यात 'अनवधानाने' असा शब्दही होता. त्याऐवजी तिच्या तोंडून तुकडे बाहेर पडले. तेल उडून जातं. बशीला झाकण असतं. मी आकडे वासाने दिले. मला कळलं नाही. आता कळलं. हे पान सात आहे, वरची बहुतेक पाच असतील. तेलाने काही झालेलं नाही.

माणसं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. लोक दुसऱ्याची फजिती बघायला जमतात असं म्हणतात, पण फार थोड्यांना ती समोरून बघवते. एकेक जण "येतो मग," म्हणत फाटकाकडे सरकला. शेजारी तेवढा थांबला.

"संध्याकाळी पंप आणून ठेवतो," तो धाकट्याला म्हणाला. "गंधकही आहे माझ्याकडे. आजच मारून टाक."

"आज नाही मारता येणार," ताई म्हणाली.

"का?" धाकट्याने विचारलं.

तिने सांगितलं का ते.

तो सुतळीला धरून उभा होता. वेल हलली आणि खालच्या पानांवरून पांढरा धुरळा उडाला, पिठासारखा.

"शेवटचं मी परवा मारलं," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे अजून..."

"बारा दिवस."

"तोवर काय?"

"खायचा सोडा पाण्यात विरघळवून मार. वाढ थोडी रोखेल. आहे ते जाणार नाही. खालची पानं सगळी काढून जाळावी लागतील. अर्धा माल हाती लागला तर लागला."

धाकटा मान हलवत होता. मग मान हलायची थांबली.

"तुला कळलं कधी?"

वहिनी ट्रे घेऊन उभी होती. शेजारी उगाच प्लास्टिकचं एक टोक ओढून बघत होता. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. काल. कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"गेल्या गुरुवारी," ताई म्हणाली.

"गुरुवारी."

"हो."

"शनिवारी मी फोन केला तेव्हा..."

"हो. तेव्हा माहीत होतं."

"मार म्हणालीस सोमवारचं."

"म्हणाले."

शेजारी एकदम म्हणाला, "मी निघतो," आणि निघाला. त्याच्या पावलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. वहिनीने ट्रे जमिनीवर ठेवला, ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, आणि काजळ गालावर ओघळलं. या वेळी गंधक बोललेलं नव्हतं.

"रागाव ना," ताई म्हणाली. "काहीतरी बोल."

धाकट्याने हातातलं पान पुन्हा डोळ्यांसमोर धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. मग त्याने दोन रांगांकडे बघितलं, एकदा इकडच्या, एकदा तिकडच्या, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून ताईला वाटलं, याने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. कारण तो राग नव्हता. सुटका होती.

"म्हणजे माझे डोळे ठीक होते," तो म्हणाला.

मग त्याने पान खिशात ठेवलं, खाली बसला, आणि पहिल्या वेलीची बुडाची पानं तोडायला लागला. थोड्या वेळाने वहिनी त्याच्या समोरच्या बाजूला बसली. ताईने बाह्या दुमडल्या आणि तिसऱ्या वेलीपाशी गेली. तिला कुणी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. पानं कुरकुरत तुटत होती. हातांना लवंगेचा वास लागत होता आणि तो पुढे कितीतरी वेळा साबण लावूनही जाणार नव्हता.

धाकटा सहा वर्षांचा असताना जिन्यावरून डोक्यावर पडला होता; तेव्हापासून त्याला कसलाच वास येत नाही.